पाहुणचाराचं गाव, पगाराचं काम

चाकण आणि आळंदी यांच्यात जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचं अंतर, पण दोन्हीकडचा पाहुणचार वेगवेगळ्या दिनदर्शिकांवर चालतो. चाकण, चिंचवड, पिंपरीच्या मोठ्या हॉटेलांतल्या खोल्या भरतात त्या सोमवार ते गुरुवार. कारखान्यांच्या कामासाठी जर्मनी, जपान, कोरियाहून आलेले इंजिनिअर, मुंबई-चेन्नईचे व्हेंडर, तपासणीला आलेले ऑडिटर आठवडाभर मुक्काम करतात आणि शुक्रवारी बॅगा भरतात. आळंदीतल्या धर्मशाळेचा व्यवस्थापक मात्र भिंतीवरचं पंचांग उलटत असतो. एकादशी कधी आहे, तिला लागून रविवार येतोय का, कार्तिक वद्य पक्ष यंदा नोव्हेंबरात की डिसेंबरात, लग्नाच्या तिथी किती. त्यावरून आचारी किती, वाढपी किती आणि गाद्या किती भाड्याने आणायच्या, हे ठरतं.

फिरता फिरता एखाद्या मठाच्या गावात थांबावं, तिथल्या हॉस्टेलात किंवा यात्री निवासात काम धरावं, चार-सहा महिने राहून पुढे निघावं, ही कल्पना आता तरुणांना नवी राहिलेली नाही. तिच्याबद्दल बोलताना डोळ्यांसमोर येतात स्पितीतलं काझा, धरमशालेजवळचं मॅक्लोडगंज किंवा अरुणाचलातलं तवांग. पण मठ, फड, धर्मशाळा आणि यात्रेकरू यांच्यावर उभं राहिलेलं एक अख्खं गाव पिंपरी-चिंचवडच्या सीमेला लागून आहे. तिथेही माणसं बाहेरून येतात, काही दिवसांसाठी म्हणून काम धरतात, आणि त्यातली काही तिथेच राहून जातात.

अशा राहून गेलेल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे हैबतबाबा आरफळकर. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या चाकरीत होते. वारकरी परंपरा सांगते ती हकिकत अशी: कमाई घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटलं आणि गुहेत कोंडलं. तिथे त्यांनी हरिपाठ सुरू ठेवला. सुटका झाल्यावर ते घरी जाण्याऐवजी आळंदीत आले आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीपुढे सेवा करत राहिले. १८३२च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याचा आजचा सोहळा उभा केला. कुणी कुठे चालायचं, मुक्काम कुठे, तंबू कुणाचा, घोडे कुणाचे, ही शिस्त त्यातून आली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आणि तंबू आजही पालखीसोबत असतात. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे आणि कार्तिकी यात्रा तिच्या पूजनाने सुरू होते. हजारो माणसांच्या राहण्या-खाण्याची फिरती व्यवस्था उभारण्यात हात असलेला हा माणूस मूळचा लष्करी चाकरीतला, वाटेत थांबलेला प्रवासी होता.

एकाच नदीवरचे दोन हजार वर्षांचे पाहुणे

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, देहू-आळंदीवरून वाहत तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यात कार्ले आणि भाजे ही बौद्ध लेणी समोरासमोरच्या डोंगरांत आहेत. ती घाटमाथ्याच्या व्यापारी वाटेवर आहेत, हा योगायोग नव्हे. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहायचं आणि त्या काळात त्यांचा खर्च कुणीतरी उचलायचा, असा नेम होता. कार्ल्याच्या शिलालेखात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वलूरक म्हणजे याच लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंसाठी एक गाव दिल्याची नोंद आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतला त्याचा लेख तर आजच्या कुठल्याही ट्रस्टच्या हिशेबनिसाने वाचावा असा आहे. भरुच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्याने चौसोपी विश्रामगृहं बांधली, काही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं तो सांगतो. लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायमची ठेव त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल हलवायचं नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च. म्हणजे मठाचा पाहुणचार केवळ श्रद्धेवर चालत नाही, त्यामागे ठेव, व्याज आणि ते वेळेवर देणारे कारागीर लागतात, हे जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीच दगडावर लिहून ठेवलेलं आहे.

नदीच्या खालच्या अंगाला हीच गोष्ट वेगळ्या रूपात आली. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली. त्यांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी निरनिराळ्या गावांनी, जातींनी, फडांनी आणि व्यापाऱ्यांनी आपापल्या धर्मशाळा बांधल्या. आजही अनेक इमारतींवर समाजाचं नाव असतं. पूर्वी ज्याची धर्मशाळा, त्याची पंगत असा प्रकार होता. आता बहुतेक ठिकाणी आधारकार्डाची झेरॉक्स आणि डिपॉझिट दिलं की खोली मिळते.

१९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन-प्रवचनाचा अभ्यास शिस्तीने शिकवणारी ही जुनी संस्था चार वर्षांचा अभ्यासक्रम चालवते. तिच्यामुळे आणि नंतर निघालेल्या अनेक लहानमोठ्या संस्थांमुळे गावात मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या शेतकरी घरांतली मुलं राहू लागली. झोळी घेऊन मधुकरी मागणारे विद्यार्थी हे आळंदीचं ओळखीचं चित्र आहे. यात्रेकरू दोन दिवस राहतो, विद्यार्थी वर्षानुवर्षं. गावाला दोघांच्याही जेवणाची सवय आहे.

याच्या भोवती कारखाने आले ते फार उशिरा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली सुरू झाली, एमआयडीसीची स्थापना १९६२ची, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७०ची आणि महापालिका १९८२ची. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ साली सुरू झाले. त्यातून जो लोंढा आला, त्याला राहायला जागा हवी होती. चाकण परिसरात लॉज, पीजी, मेस आणि तारांकित हॉटेलं उभी राहिली. आळंदीतही खोल्या भाड्याने देणं हा जोडधंदा झाला. दर्शनाला आलेलं कुटुंब आणि पहिल्या पाळीला निघालेला कामगार एकाच जिन्यावर भेटतात.

काम म्हणजे नेमकं काय

आळंदीतल्या पाहुणचाराच्या नोकऱ्या ढोबळमानाने चार प्रकारच्या. पहिली धर्मशाळा किंवा भक्त निवासातली: व्यवस्थापक, पावती फाडणारा, खोल्या दाखवणारा, झाडलोट करणारा, रखवालदार. दुसरी अन्नछत्र आणि मठांच्या स्वयंपाकघरातली: आचारी, मदतनीस, वाढपी, भांड्यांवरच्या बायका. तिसरी खाजगी लॉज आणि खाणावळींतली. चौथी मंगल कार्यालयांतली, कारण आळंदी हे लग्नांचंही गाव आहे. कमी खर्चात, कमी वेळात, थोडक्या माणसांत लग्न उरकायचं असेल तर पुणे जिल्ह्यात अनेकांना आळंदी आठवते. घरच्यांचा विरोध पत्करून येणारी जोडपीही त्यात असतात.

धर्मशाळेतला दिवस काकड्याने उजाडतो. पहाटे चारच्या सुमारास गरम पाण्याची मागणी सुरू होते आणि सोलरचं पाणी तेवढ्या लवकर तापलेलं नसतं, म्हणून बंब किंवा गिझर आधीच लावावा लागतो. दर्शन करून परतलेले लोक दहाच्या आत खोली सोडतात, तेव्हा चादरी, उशा, बादल्या मोजून घ्यायच्या. दुपारी नवी मंडळी. एका खोलीत चौघं म्हणून पावती फाडलेली असते आणि जीपमधून अकरा जण उतरतात. म्हातारी आई वरच्या मजल्यावर चढू शकत नाही. कुणाला चूल पेटवायची परवानगी हवी असते, कुणाला ‘फक्त दोन तास सामान ठेवतो’ असं हवं असतं. पंचतारांकित हॉटेलात ज्याला फ्रंट ऑफिस म्हणतात ते इथे एका लाकडी टेबलावर, पावतीपुस्तक आणि किल्ल्यांच्या फळीसह चालतं. पाहुण्याला ‘सर’ म्हणण्याऐवजी ‘माउली’ म्हणतात, आणि पाहुणाही वाढप्याला ‘माउली’च म्हणतो.

स्वयंपाकघराचं वेळापत्रक तिथीने बांधलेलं असतं. एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी नेहमीचा भात-वरणाचा पसारा नसतो, पण फराळ करणाऱ्यांची संख्या एरवीपेक्षा मोठी. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला लोकांना सकाळी लवकर पूर्ण जेवण हवं, म्हणून आचारी दशमीपेक्षा एकादशीच्या रात्री जास्त जागतात. चातुर्मासात अनेक घरं आणि मठ कांदा-लसूण आणि वांगं वर्ज्य करतात. चाकणची कांद्याची बाजारपेठ अर्ध्या-पाऊण तासावर, आणि इथे कित्येक स्वयंपाकघरांत महिनोन्महिने कांदा चिरला जात नाही. नव्याने आलेल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीधराची इथे खरी परीक्षा होते, कारण त्याच्या ग्रेव्हीचा पाया कांद्याचा असतो.

सर्वांत मोठा ताण कार्तिकीचा. पंढरपूरची कार्तिकी शुद्ध एकादशीला, आळंदीची वद्य एकादशीला, आणि समाधीचा सोहळा वद्य त्रयोदशीला. त्या आठवड्यात एरवी शांत असलेल्या इमारतींच्या गच्च्या, जिने, पार्किंग सगळं माणसांनी भरतं. देहूला असाच भार तुकाराम बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेला पडतो. २०२५ साली ज्ञानेश्वरांच्या जन्माला ७५० वर्षं झाली आणि त्याच वर्षी तुकोबांच्या वैकुंठगमनाला ३७५, त्यामुळे दोन्ही गावांत नेहमीच्या यात्रांखेरीज मोठे सोहळे झाले.

ज्येष्ठ वद्यात चित्र पालटतं. तुकाराम महाराजांची पालखी सप्तमीला देहूतून, ज्ञानेश्वर महाराजांची अष्टमीला आळंदीतून निघते आणि पाहुणचारच चालू लागतो. तुकोबांची पालखी पहिली रात्र देहूच्या इनामदार वाड्यात काढून दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते, म्हणजे थेट कारखान्यांच्या मधोमध. प्रत्येक दिंडीला आचारी, भाकरी थापणाऱ्या बायका, पाण्याच्या टँकरचा आणि सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर, राहुट्या ठोकणारे लागतात. वारकरी दिंडीची भिशी भरतात, त्यातून किराणा आणि या माणसांची मजुरी निघते. सुमारे तीन आठवडे रोज नव्या गावात, पावसात, ओल्या लाकडांवर शेकडो माणसांचा स्वयंपाक वेळेवर उतरवणं हा केटरिंगचा असा अनुभव आहे, जो कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात मिळत नाही.

मठांचे नियम, जगभरचे

मठात पाहुणा आला की दोन अडचणी येतात: त्याला उपाशी ठेवता येत नाही आणि त्याच्यासाठी मठाचा दिनक्रमही मोडता येत नाही. युरोपात सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिले, त्यातलं ५३वं प्रकरण पाहुण्यांवर आहे. येणाऱ्याचं स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आल्यासारखं करायचं. पण अवेळी येणाऱ्यांमुळे साधूंना त्रास नको म्हणून पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं, आणि तिथे वर्षभरासाठी दोन जण नेमायचे. ग्रीसमधल्या अॅथोस पर्वतावर आजही आगाऊ परवाना काढूनच जाता येतं, स्त्रियांना प्रवेश नाही, आणि प्रत्येक मठात पाहुण्यांची व्यवस्था बघणारा एक साधू असतो.

जपानमध्ये कोयासान हे डोंगरावरचं बौद्ध मठांचं गाव नवव्या शतकात कुकाई या आचार्याने वसवलं. तिथल्या पन्नासेक मंदिरांत प्रवाशांना राहता येतं. जेवण शाकाहारी, तेही कांदा-लसूण वगळून. सकाळी प्रार्थनेनंतरच नाश्ता. चाकणमध्ये काम करणाऱ्या एखाद्या जपानी इंजिनिअरला आळंदीतली चातुर्मासातली पंगत बघून कोयासान आठवलं तर नवल नाही. आपल्याकडच्या तरुणांना जपानमध्ये असं काम करायचं असेल तर वाट वेगळी आहे. २०१९ पासून जपानने ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ नावाचा व्हिसा सुरू केला, त्यात हॉटेल-निवास व्यवसायाचा समावेश आहे, आणि २०२१ साली भारताने त्यासाठी जपानशी करार केला. या व्हिसासाठी जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते.

हिमालयातल्या गावांचा हंगाम रस्ता ठरवतो. स्पितीचं काझा साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. मनालीकडून कुंझुम खिंडीतून येणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो, त्यामुळे होमस्टे आणि हॉस्टेलांना माणसं लागतात ती साधारण जून ते ऑक्टोबर. बऱ्याच ठिकाणी व्यवहार असा असतो: राहणं-जेवण फुकट, बदल्यात दिवसाचे काही तास काम. विरळ हवेची सवय होईपर्यंत पहिले दोन-तीन दिवस नुसतं पडून राहावं लागतं, हे मालक आणि नवखा दोघांनीही आधी समजून घेतलेलं बरं. तवांगला जायला बाहेरच्या भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतं. स्पितीत भारतीयांना ते लागत नाही, परदेशी प्रवाशांना मात्र किन्नौरमार्गे जाताना लागतं.

आळंदीचा रस्ता बारमाही उघडा. तिथे बर्फाऐवजी ट्रॅफिक आडवं येतं. नाशिक महामार्गावरच्या कोंडीत सापडलेला वाढपी पंगतीला पोहोचत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी कामगाराला इमारतीतच राहायला खोली देतात. ती सोय असते, आणि तिथूनच गुंताही सुरू होतो.

सेवा किती, नोकरी किती

जो माणूस कामाच्या जागीच राहतो, त्याची पाळी संपली हे कुणी सांगायचं? रात्री अकराला बस आली तर त्याला उठवतात. यात्रेच्या आठवड्यात रजा नाही. तक्रार केली तर ऐकायला मिळतं, ‘अहो, ही तर माउलींची सेवा.’ देवाच्या गावातल्या नोकरीचं हे सर्वांत अवघड अंग आहे. वाढणाऱ्याच्या मनातही ती भावना खरी असते. कित्येक जण पगार कमी असूनही इथे राहतात ते गावासाठी, कीर्तनासाठी, पहाटेच्या काकड्यासाठी. पण भावना त्याची स्वतःची असते आणि कामाचे तास मालक ठरवतो, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

महाराष्ट्रात याचं एक स्वच्छ उत्तर शेगावला दिसतं. गजानन महाराज संस्थानात पगारी कर्मचारी आहेत आणि त्यांच्या जोडीला पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारीही आहेत. सेवाधारी पाळीपाळीने ठरावीक दिवस येतात, मोबदला घेत नाहीत आणि आपल्या शेतीला, नोकरीला परत जातात. ज्याचं पोट या कामावर आहे तो कर्मचारी, ज्याचं नाही तो सेवाधारी, अशी रेघ तिथे आखलेली आहे. लहान मठात आणि धर्मशाळेत ही रेघ बहुधा कुणी आखलेली नसते. म्हणून काम धरणाऱ्यानेच पहिल्या दिवशी विचारायचं: पगार किती, कुठल्या तारखेला, राहण्या-जेवणाचे पैसे त्यातून कापणार का, आठवड्याची सुट्टी कुठली, यात्रेच्या दिवसांचं वेगळं काय मिळणार? आणि उत्तर साध्या कागदावर का होईना, लिहून घ्यायचं.

कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हॉटेलं, लॉज आणि व्यवसाय करणारे ट्रस्टही येतात. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर लागू होतो. ईएसआयचा लाभ दहा किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेल-खाणावळींत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला मिळतो. पंगतीत भाजलेल्या हाताचा किंवा जिन्यावरून घसरल्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न त्यामुळे नुसत्या मालकाच्या मर्जीवर राहत नाही.

व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला आणखी काही गोष्टी पाठ हव्यात. धार्मिक ट्रस्टच्या आवारातल्या हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीवर जीएसटी लागत नाही. भक्त निवासांचे दर बऱ्याचदा हजाराच्या आतच का थांबतात, याचं एक कारण हेही आहे. यात्रेत प्रसाद वाटणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि देवस्थानांच्या स्वयंपाकघरांतली स्वच्छता तपासण्यासाठी एफएसएसएआयची ‘भोग’ नावाची योजना आहे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत कळवावी लागते. आणि एखादा परदेशी प्रवासी ‘राहायला द्या, मी काम करतो’ म्हणाला तर त्याला नम्रपणे नाही म्हणायचं, कारण पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही.

मंगल कार्यालयातली जबाबदारी सर्वांत मोठी. मुहूर्त अर्ध्या तासावर असतो, दोन्हीकडची मंडळी घाईत असतात आणि मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला ‘गावी राहिलाय’. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल तर ते लग्न लावणारा आणि लावू देणारा दोघंही २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हेगार ठरतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हॉल भाड्याने देणाऱ्याचा मॅनेजर म्हणून ‘मला काय माहीत’ असं म्हणता येत नाही. जन्माचा पुरावा हातात आल्याशिवाय हॉलचं कुलूप उघडायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरंच टळतं.

मुलांच्या वसतिगृहात काम घेणाऱ्याने तर जास्तच डोळे उघडे ठेवावेत. आळंदीत विनापरवाना चाललेल्या काही वसतिगृहांमधल्या गैरप्रकारांच्या तक्रारी अलीकडच्या वर्षांत पुढे आल्या आणि प्रशासनाला हालचाल करावी लागली. संस्था नोंदलेली आहे का, मुलांच्या खोल्या वेगळ्या आहेत का, पालकांना केव्हाही भेटता येतं का, हे नोकरीच्या मुलाखतीतच विचारण्यासारखे प्रश्न आहेत. चांगली संस्था त्यांचा राग मानत नाही.

औद्योगिक पट्ट्याचा शेजार कामातही जाणवतो. इंद्रायणीत वरच्या भागातलं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन मिसळतं, आणि आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगत असल्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. स्नानासाठी म्हणून शेकडो मैलांवरून आलेली आजी टेबलाशी येऊन विचारते, ‘बाबा, डुबकी मारू का?’ तिला खरं सांगावं लागतं, आणि खोलीतल्या नळाच्या पाण्याने स्नान करून घाटावर नुसतं पाऊल टाकण्याचा पर्यायही सुचवावा लागतो. चाकणच्या दुसऱ्या बाजूला, शिंदे-वासुलीजवळच्या भामचंद्र डोंगरावर तुकोबांनी साधना केली असं मानतात. तिथे राहून अभ्यास करणारे साधक आहेत आणि डोंगराखाली कारखान्यांच्या शेड. २००८ साली याच परिसरातल्या डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्राला वारकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता.

आणि तरीही दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना उपयोगी पडतात. चाकणच्या हॉटेलात हाउसकीपिंग शिकलेल्या मुलाला धर्मशाळेत चादरींचा हिशेब लावता येतो, गच्चीवरच्या टाक्यांचं वेळापत्रक बसवता येतं. कार्तिकीत तीन-तीन पंगती उठवलेल्या वाढप्याला कंपनीच्या कँटीनमधली चारशे माणसांची जेवणाची सुट्टी घाबरवत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी सहसा तारांकित हॉटेलं मिळतात. त्यातल्या एखाद्याने यात्रेचा एक आठवडा भक्त निवासात काढला तर त्याच्या वहीत न सापडणारं बरंच काही त्याला मिळेल.

नव्याने काम शोधणाऱ्यासाठी वेळ महत्त्वाची. आषाढीला पालखी निघून गेल्यावर आळंदी काही आठवडे मोकळी होते, तेव्हा माणसं घेत नाहीत. विचारपूस करायला दसरा ते दिवाळी हा काळ बरा: पुढे कार्तिक वद्य आणि तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई असते, आणि दोन्हींसाठी हंगामी हात हवे असतात. रोजाचा भाव मात्र यात्रेच्या आदल्या आठवड्यात बोलून उपयोग नाही. तो आधीच ठरवावा लागतो, कारण एकदा दिंड्या गावात शिरल्या की कुणालाच बोलायला उसंत नसते.